पत्र्यावरचे दगड

अण्णा,

तुम्ही गेलात त्याला एकोणीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत तुम्हाला काही लिहावं असं मला कधी वाटलं नाही, कारण घरातलं तुम्हाला सांगायचं काम तुमची धाकटी लेक करायची. सकाळी चहाचा कप हातात घेऊन ती तुमच्या फोटोसमोर उभी राहायची आणि शेजारणीशी बोलावं तसं बोलायची. बोअरला पाणी कमी आलंय, वहिनीचा दात दुखतोय, दादाच्या पोरीला अकरावीला सायन्स मिळालं. मी दाढी करता करता ऐकायचो आणि मनात हसायचो. गेल्या आश्विनापासून ते बोलणं बंद झालंय. तुमची धाकटी गेली, अण्णा. तुम्हाला हे सांगायला आता तीच नाही, म्हणून मला लिहावं लागतंय. आज शनिवार आहे, शाळा अर्ध्या दिवसाची. सगळे घरी गेले, शिपाईसुद्धा. मी ऑफिसात माझ्या टेबलाशी बसून परीक्षेच्या उरलेल्या कागदांवर हे लिहितोय.

कुठून सुरुवात करू? मला सारखी सोलापुरातल्या भवानी पेठेतली ती दुपार आठवते. आपण तिथं एका खोलीत भाड्यानं राहत होतो. चारी बाजूंनी यंत्रमागांचा खडखडाट, आणि त्या मागांच्या शेडवर पत्रे बसवत तुम्ही दिवसभर उन्हात. मी सातवीत असेन. मे महिना, आभाळ अचानक काळं झालेलं, धुळीचे लोट उठलेले. शेजारच्या तेलुगू मावशी दारात येऊन म्हणाल्या, पोरा, आमचा पत्रा लई वाजतोय, चार दगड ठेव की वर. मला कोण आनंद झाला. तुमचा मुलगा म्हणून मला कुणीतरी छपरावर चढायला सांगत होतं. मी भिंतीवरून चढलो आणि मोठाले नऊ दगड एकेक करून वर नेले, ओळीनं मांडले. शेवटचा ठेवून वळतो तर तुम्ही गल्लीत सायकल धरून उभे. तुमच्या खांद्याला ती कॅनव्हासची पिशवी आहे, कपाळावर घामाची रेघ आहे, आणि तुम्ही ओरडत नाही. तुम्ही फक्त म्हणता, "जसं वर नेलंस तसं एकेक खाली आण."

वारा सुटलेला आणि मी दगड खाली आणतोय. नऊच्या नऊ आणून झाल्यावर तुम्ही मला हाताला धरून मावशींच्या घरात नेलंत. आत साडीचा झोका बांधलेला होता आणि त्यात त्यांचं बाळ झोपलेलं. तुम्ही वर बोट दाखवलंत, मग खाली, झोक्याकडं. "ह्या झोक्याच्या बरोबर वर दगड ठिवलतास तू. वारा वरनं दाबत न्हाई, पोरा. वारा खालनं शिरतो आन् पत्रा उचलतो. पत्रा उठला की दगड कुटं जाईल? सांग की, कुटं जाईल?" मी वर पत्र्याकडं बघितलं. "आत येईल," तुम्हीच म्हणालात, "कुणाच्या तरी टाळक्यात." मग पाऊस सुरू व्हायच्या आत तुम्ही पिशवीतले हूक काढलेत, वर चढलात आणि ढिले झालेले चार पत्रे आवळून आलात. मावशींनी चहा पुढे केला तो घेतलात, बाकी काही घेतलं नाहीत. तुम्ही मला मारलं नाही. मारलं असतं तर ते मी विसरलो असतो.

छपराची अक्कल माझ्यात नव्हती, ती धाकटीत होती. माझ्याहून पाच वर्षांनी लहान, पण सुट्टीच्या दिवशी तुमच्याबरोबर शेडवर जायची ती. परकर खोचून अँगलवरून मांजरासारखी चालायची. भोक पन्हळीच्या डोंगरावर पाडायचं, दरीत नाही, दरीत पाडलं की पाणी आत येतं, हे ती आठव्या वर्षी घडाघडा सांगायची. लोक तुम्हाला म्हणायचे, पोरीच्या जातीला वर कशाला चढवता? तुम्ही म्हणायचात, "तिला वारा कळतोय. ह्याला न्हाई कळत. ह्याला पुस्तक कळतंय." मला शाळेत क्लार्कची नोकरी लागली तेव्हा तुम्ही नव्या पेठेतून शाईचा पेन आणून दिलात आणि म्हणालात, तुझं सगळं काम बसून, सावलीत. त्यात कौतुक होतं हे मला माहीत आहे. तरी मला तेव्हा कुठंतरी लागलं. धाकटीला तुम्ही तुमचा पाना दिला होता, लग्नात, सगळ्या भांड्यांबरोबर. तो पाना घेऊन ती सासरी गेली आणि तीन वर्षांनी तोच पाना घेऊन परत आली. तुम्ही स्वतः जाऊन तिला घेऊन आलात. एसटीतून उतरलात तेव्हा तिची शिलाई मशीन तुमच्या डोक्यावर होती. का आली, कधी जाणार, असं तुम्ही एकदाही विचारलं नाहीत, आणि घरात कुणाला विचारू दिलं नाहीत.

तोवर आपण सोलापूर सोडून मंद्रूपला जागा घेऊन घर बांधलं होतं. मागची खोली तुम्ही स्वतःच्या हातानं केलीत, आठ पत्र्यांची, आई आणि धाकटीसाठी. त्या कामानंतर तुमचा दम वाढला आणि दोन हिवाळेसुद्धा निघाले नाहीत. पुढची खोली मी नंतर स्लॅबची केली. मागच्या खोलीवर स्लॅब टाकायचं दरवर्षी म्हणत होतो. ते झालं नाही. दोन उन्हाळ्यांपूर्वी एवढंच केलं की, धाकटीची मशीन नीट मावावी म्हणून तुमच्या आठ पत्र्यांना जोडून आणखी तीन पत्रे वाढवले. मिस्त्रीनं ते तारेनं बांधले आणि म्हणाला, साहेब, हूक संपलेत, येऊन मारतो. तो आला नाही. मीही त्याला पुन्हा बोलावलं नाही.

धाकटी मात्र विसरली नव्हती. "दादा, सोलापुरातनं येताना हूक आण की. तीस हूक आन् तेवढेच वायसर. मी मारते, तू नुसतं आण." असं ती पहिल्या पावसाळ्याआधी म्हणाली, दुसऱ्या पावसाळ्याआधी म्हणाली. शाळेतून स्टँडवर येताना हार्डवेअरचं दुकान रोज माझ्या उजव्या हाताला असतं. रोज, अण्णा. मी विसरत होतो असंही नाही. आठवायचं, आणि वाटायचं, रविवारी बघू. पत्रे जागेवर होतेच की. आणखी एक होतं, तेही आता लिहूनच टाकतो. तिनं सांगितलं आणि मी आणलं, यात मला कमीपणा वाटायचा. घरात कमावणारा मी, आणि छपराचं ती सांगणार.

मग ते वादळ आलं. पोरीनं सकाळी मोबाईलवर वाचून दाखवलं की बंगालच्या उपसागरातलं चक्रीवादळ किनाऱ्यावर चढलंय, तिथून ते तेलंगणातून आपल्याकडं सरकतंय, सोलापूर जिल्ह्यात सोसाट्याचा वारा आणि अतिवृष्टी होणार आहे. आईला हसू आलं. "समिंदराचं वादळ हितं कशाला येतंय? आपल्याला तर प्यायला पाणी न्हाई." पण ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून पण तेच सांगायला लागले. पत्र्याच्या घरातल्यांनी शाळेत किंवा पक्क्या घरात जावं, जनावरं सोडून ठेवावीत, झाडाखाली थांबू नये. मी तरी शाळेत गेलो. अकराच्या सुमाराला शाळा सोडून द्यायचा आदेश आला. निघताना घरून फोन आला. धाकटी होती. "दादा, आज तरी हूक घेऊन ये. वारा रात्री येणार म्हंत्यात. तासाभराचं काम हाय, मी दिवसाउजेडी उरकते."

मी दुकानासमोर गेलो होतो, अण्णा. खरंच गेलो होतो. दुकानाबाहेर रस्त्यापर्यंत रांग होती, लोक प्लास्टिकचे कागद आणि दोऱ्या घ्यायला आले होते. मी रांगेच्या शेवटी उभा राहिलो. पाचेक मिनिटं झाली असतील. तेवढ्यात समोरून मंद्रूपची बस वळताना दिसली, कंडक्टर ओरडत होता की ही गेल्यावर गाडीचं काही खरं नाही. मी रांग सोडली आणि बस पकडली. बसायला जागा मिळाली याचं मला बरं वाटलं.

घरी आलो तर धाकटीनं सगळं घर हाताखाली घेतलं होतं. चुलीजवळ भाकरीचा ढीग झालेला, आणखी थापणं चालू. वीज जाईल, गॅस पेटवणं जमेल न जमेल, म्हणून कडक भाकरी करून ठेवत होती, आठ दिवस टिकतील अशा. शेंगाचटणीचा डबा भरलेला. पिंप, कळश्या, बादल्या, सगळं पाण्यानं भरलेलं. पोरीनं घरातले कागद, दाखले, पासबुकं, माझं नोकरीचं पत्र, एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून स्टीलच्या डब्यात बंद केले होते. बायकोनं ज्वारीची पोती ओढून पुढच्या खोलीत खाटेवर चढवली होती. मागच्या खोलीतलं अंथरूण पुढं आलं होतं. सगळ्यांनी स्लॅबखाली झोपायचं, असं धाकटीनं ठरवून टाकलं होतं. आई तेवढी घरात नव्हती, गावठाणात तिच्या बहिणीकडं, आमच्या मावशीकडं गेली होती, तिला बरोबर घेऊन येते म्हणून.

धाकटीनं पिठाचे हात तसेच ठेवून माझ्या पिशवीकडं बघितलं. "आणलंस?"

"रांग होती," मी म्हणालो. "बस सुटत होती."

भाकरी उलटून, हात धुऊन ती मागं गेली, वर बघून आली. "मग एक कर. ती तीन पत्रं आपण काढून खाली ठिवू. तार तर हाय, पक्कडीनं तोडली की सुटत्यात. अण्णांचं आठ हलत न्हाईत. मशीन आपण पुढं आणू."

"पाऊस यायच्या आधी घर उघडं करायचं? लोक काय म्हणतील?"

"लोकांचं काय घेऊन बसलायस? पत्रा उडाला तर कुणाच्या तरी मानंवर जाईल, दादा."

"उडणार नाही. दगड ठेवतो वर."

आता मला वाटतं, त्या क्षणी तिनं जोरात ओरडायला हवं होतं. ती हळूच म्हणाली, "दगड? अण्णा असते तर तुला चढू दिलं असतं का?" आणि अण्णा, मला तुमचा राग आला. एकोणीस वर्षांपूर्वी गेलेल्या माणसाचा. मी म्हणालो, "तू मला शिकवू नको. घर माझ्या नावावर आहे." बायको दारात होती. पोरगी होती. दोघींनी ऐकलं. धाकटीचं तोंड एवढंसं झालं. ती चुलीपुढं जाऊन बसली आणि पुन्हा भाकरी थापायला लागली. मी शिडी लावली. पोरगी खालून एकेक दगड देत होती आणि मी तो वर मांडत होतो. अकरा दगड ठेवले. त्या वेळी ना मला ते झोक्यातलं बाळ आठवलं, ना तुमचं वरून खाली आलेलं बोट. खरं तर मला समाधान वाटत होतं, कारण मी घरासाठी काहीतरी करत होतो.

आई आणि मावशी चारच्या सुमाराला आल्या. वादळ रात्री येणार असं सगळे म्हणत होते, पण ते दिवस मावळायच्या आत आलं. आधी वारा पडला. पान हलेना. मग दक्षिणेकडून असा आवाज आला, जणू लांबून मालगाडी येतेय, आणि ती येऊन थांबलीच नाही. आम्ही सगळे पुढच्या खोलीत होतो, दार लावून, आतून पोतं टेकवून. मागच्या बाजूला पत्रा वाजायला लागला. आधी थरथर, मग थाप, मग थापेवर थाप. धाकटी डोळे मिटून ऐकत होती. मला माहीत आहे ती काय ऐकत होती. कुठला पत्रा कुठं सुटलाय, हे तिला आवाजावरून कळत होतं. तेवढ्यात आईनं कपाळाला हात लावला, गरगरतंय म्हणाली. तिची बीपीची संध्याकाळची गोळी राहिली होती.

"धाकटे, आईच्या गोळ्या मागं राहिल्या वाटतं," मी म्हणालो.

आण, असं मी म्हणालो नाही. पण तसं म्हणायची गरज आपल्या घरात कधी पडली? ती उठली. मी बसून होतो. मागच्या खोलीच्या दाराजवळ मी होतो, अण्णा. तिच्यापेक्षा दोन पावलं जवळ. ती माझ्या गुडघ्यावरून पाय टाकून गेली आणि जाताना म्हणाली, "गोळ्या मशीनच्या ड्रॉवरमध्ये हायत, आलेच." मशीन त्या तीन पत्र्यांखाली होती. पुढं आणायची राहिली होती. आमच्या भांडणानंतर तिनं पुन्हा तो विषय काढला नव्हता.

कापड फाटावं तसा आवाज झाला आणि एकदम मागच्या खोलीतून उजेड आला, राखाडी, पावसाचा. मला तुम्हाला जे सांगायचं होतं ते एवढंच. तुम्ही पस्तीसएक वर्षांपूर्वी मला जसं सांगितलं होतंत, अगदी तसंच झालं. पत्रा खालून उचलला आणि दगड आत आले. मी गेलो तेव्हा ती मशीनला टेकून बसल्यासारखी होती, गोळ्यांची पट्टी हातात. पाऊस थेट तिच्यावर पडत होता. दोन दगड लागले होते, एक खांद्याला आणि एक तुम्ही म्हणाला होतात तिथं. तीन पत्रे गेले होते, कुठं गेले ते तेव्हा दिसलंसुद्धा नाही. तुमचे आठ जागेवर होते. त्यांचा एकही हूक सुटला नव्हता.

तिला बाजेवर घालून शेजारच्या चौघांनी आणि मी सरकारी दवाखान्यात नेलं. रस्त्यावर बाभळी आडव्या पडल्या होत्या, गाडी जाणं शक्य नव्हतं. तिचा श्वास चालू होता. मी बाजेचा पुढचा पाय धरला होता आणि तिच्या तोंडावर पाऊस पडू नये म्हणून पोरगी बाजूनं पळत छत्री धरत होती, छत्री उलटी होत होती, पोरगी सरळ करत होती. दवाखान्यात पोचेपर्यंत श्वास होता. डॉक्टरांनी करायचं ते सगळं केलं. ती काही बोलली नाही. बोलली असती तर काय बोलली असती, हे मी रोज वेगळं ठरवतो.

आता जे सांगायचंय ते याहून अवघड आहे. दोन दिवसांनी पंचनामा झाला. हवालदार आले, पोलीस पाटील आले, तलाठी आले. मी त्यांना खुर्च्या दिल्या. आई भिंतीला टेकून बसली होती. हवालदारांनी साधाच प्रश्न विचारला, लिहायला हवं म्हणून. "हे दगड वर कुणी ठेवले होते?" आई तोवर एकच गोष्ट बोलत होती की माझ्या गोळीपायी लेक गेली. दोन दिवस तेच. हवालदारांचा प्रश्न ऐकून तिनं मान वर केली आणि तीही माझ्याकडं बघायला लागली. आणि मी म्हणालो, "वडिलांनी ठेवले होते. फार वर्षांपूर्वी."

हवालदारांनी लिहून घेतलं. पण आई म्हणाली, "त्येनी? त्ये तर दगडाला लई भ्यायचं." तेव्हा मी तिला समजावलं. शाळेत कागदात कागद जुळवायची सवय आहे मला, ती कामाला आली. म्हणालो, शेवटच्या वर्षी अण्णांना दम लागत होता, हूक मारणं होत नव्हतं, म्हणून मागच्या अंगाला भिंतीकडं दगड ठेवले होते. खालून दिसत नव्हते. पत्रे वाढवताना मिस्त्रीनं तेच पुढं सरकवले असतील. एक खोटं उभं राहावं म्हणून चार टेकू लावले. आईची नजर आता कमी आहे, छपरावर ती कधी गेली नाही. तिला पटलं. बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं माझ्याकडं बघितलं आणि मग जमिनीकडं. पोरगी आत निघून गेली. आई तुमच्या फोटोकडं वळली. मग म्हणाली, "आयुष्यभर लोकांच्या घरावर हूक मारत फिरलं, आन् सवताच्या लेकीच्या टाळक्यावर दगड ठिवून गेलं."

मी स्वतःला सांगितलं की आईसाठी केलं. गोळीचा दोष तिच्या मनातून जावा म्हणून. ते काही अंशी झालंही, त्या दिवसापासून तिनं गोळीचं नाव काढलं नाही. पण तो दोष तिनं तुमच्यावर ठेवला. ती तुमचा फोटो रोज पदरानं पुसायची ते बंद झालं. दिवाळीत बायकोनं पुसला तर आई म्हणाली, राहू दे धूळ. संक्रांतीच्या आसपास पोरगी एकदा माझ्याजवळ आली. ती आता कामापुरतंच बोलते माझ्याशी. म्हणाली, "बाबा, दगड मी हातात दिले होते. आत्या सांगत होती तरी दिले. आजी आजोबांवर राग धरून बसलीय. मी सांगू का तिला?" मी म्हणालो, "नको. तिला सोसवायचं नाही." तिनं विचारलं, "मग मी कुणाला सांगू?" सतरा वर्षांची पोर ते घेऊन कॉलेजला जाते, येते, जेवते. मी तिच्या डोक्यावर हात ठेवायला गेलो तर तिनं मान बाजूला घेतली. तिनं जाणून केलं असंही नाही, चटका बसल्यावर हात मागं येतो तसं झालं.

मागची खोली मी पाडून टाकली. तुमचे आठ पत्रे काढायला माणसं लावली होती, त्यांना पूर्ण दिवस लागला. एक जण म्हणाला, कोणी बसवलेत हो हे, निघता निघत नाहीत. मी म्हणालो, माहीत नाही. आता तिथं उघडी जागा आहे. आई पुढच्या खोलीत झोपते. तिला स्लॅबखाली झोप लागत नाही म्हणते, पाऊस ऐकू येत नाही. यंदा पावसाळ्यात भोंग्यावरून तीनदा इशारा दिला. तिन्ही वेळा कुणी भाकरी करून ठेवल्या नाहीत, पाणी भरलं नाही. बायको म्हणाली, काय करायचंय. इशारा होत राहिला आणि आम्ही चौघंजण चार कोपऱ्यांत बसून तो ऐकत राहिलो. वादळ आलं नाही. आलं असतं तरी आम्ही तसेच बसलो असतो, असं मला वाटतं.

आणि परवा तुमची तिथी होती. भाद्रपदातलं ऊन होतं. बायकोनं सकाळपासून स्वयंपाक केला, खीर, वडे, भोपळ्याची भाजी, आमटी. गेल्या वर्षी हे सगळं धाकटीनं केलं होतं. बायकोनं दोन पानं वाढली आणि स्लॅबवर न्यायला निघाली तेव्हा आई म्हणाली, "दोन कशाला?" बायको म्हणाली, "एक वन्संचं, एक मामंजींचं." आईनं हात पुढं करून एक पान काढून घेतलं. खाली ठेवलं. "लेकीचं ने. त्येंचं नको. त्येंच्या नावानं ह्या घरात घास पडायचा न्हाई." बायको तशीच उभी राहिली आणि माझ्याकडं बघायला लागली. पोरगी ताटावर बसली होती, ती उठली आणि हात धुवायला गेली ती परत आली नाही.

मी बोलणार होतो, अण्णा. हे नुसतं सांगायचं म्हणून सांगत नाही, शब्द खरंच तोंडात आले होते. मी म्हणालो, "आई." ती म्हणाली, "काय रं?" तिचे डोळे आता पांढुरके झालेत, ती माणसाकडं बघते तेव्हा थोडं बाजूला बघते. मला वाटलं, हिला सांगितलं तर हिला तुम्ही परत मिळाल आणि मी जाईन. एकाच वेळी दोघं आपण तिच्या घरात राहू शकत नाही.

हे पत्र कुणाच्या हातात द्यायचं? घरात वाचणाऱ्या दोघी आहेत, त्यांना सगळं माहीत आहे. जिला माहीत नाही तिला तुम्ही सहीपुरतं लिहायला शिकवलंत, वाचायचं राहिलं. टेबलाच्या खणात जुने अर्ज पडलेत, कुणी बघत नाही असे, त्यांच्याखाली ठेवेन.

तेवढं परवाचं राहिलं. आई वाट बघत होती, काय रं म्हणून. मी म्हणालो, "आमटी वाढ." तिनं चाचपडत पळी घेतली आणि वाढली. बायको एक पान घेऊन वर गेली. तुमचं पान माझ्या गुडघ्याशी तसंच होतं. आणि मी जेवलो, अण्णा. आमटी चांगली झाली होती. मी दोनदा मागून घेतली.